चौपन्नावं पोतं

फिदेन्सियाच्या थोरल्या लेकीने, हेर्मिनियाने, जळक्या डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलं, त्या वर्षीची ही गोष्ट. डोंगरावरचं ओकाचं रान आदल्या उन्हाळ्यात जळून गेलं होतं. माती धरून ठेवायला झाड उरलं नव्हतं. गावसभेने श्रमदान लावलं. रोपवाटिकेसाठी दर घराने पोतंभर ओकाच्या बिया आणायच्या.

रविवारी गावकचेरीच्या ओसरीवर पोती उतरली. त्रेपन्न पोती, आणि सगळ्यांत चर्चसमोरच्या एकाच ओकाच्या बिया. झाड मोठं, बी टपोरं, खालची फरशी झाडलेली. बसल्या जागी पोतं भरतं.

चौपन्नावं पोतं फिदेन्सियाने पाठीवरून उतरवलं. तीन दिवस ती डोंगरापलीकडच्या माथ्यावर हिंडली होती, एकेका झाडाखालून ओंजळभर घेत.

शहरातून आलेल्या वनखात्याच्या इंजिनिअरने तिच्या पोत्यात हात घातला. लांबट, गोल, पट्ट्यापट्ट्यांच्या बिया निघाल्या.

"आजी, ही भेसळ आहे. एक बी दुसऱ्यासारखं नाही."

"माथ्यावर वारा असतो, बाबा. रुंद पानाचं नि बारीक पानाचं झाड तिथं कधीपासून एकत्र नांदतंय. कुठलं पोर कुणाचं, ते त्यांच्या आयांनाही सांगता यायचं नाही."

ओसरीवर हशा पिकला. इंजिनिअर हसला नाही.

"मला शुद्ध जातीचं बी हवंय. सगळी रोपं एकसारखी."

"म्हणजे अख्ख्या डोंगरावर एकाच आईची पोरं? एकाला लागण झाली की सगळी आडवी. हे शिकवलं त्या दिवशी तू बकऱ्या चारायला गेला होतास काय?"

गावप्रमुख अमादोरने घसा खाकरला. "फिदे मावशी, चर्चसमोर अजून सडा पडलाय. तासाभरात पोतं भरून आण. नाहीतर श्रमदान चुकवलं म्हणून दिवसभर कोठडी. नियम तुलाही आहे."

"आण ना, आई," हेर्मिनिया कुजबुजली. "मीपण तिथलंच आणलंय. लोक हसताहेत."

"हसू देत. डोंगर सुटला तर तुझ्याच छपरावर येणार आहे."

फिदेन्सियाने पोत्यांकडे पाहिलं, मग ती आणणाऱ्यांकडे.

"त्रेपन्न घरं, आणि चर्चच्या पुढे एकाचे पाय गेले नाहीत. बिया हुंगत डुकरंसुद्धा माथ्यापर्यंत जातात."

ती स्वतःच कचेरीतल्या कोठडीत गेली. दार आतून ओढून घेतलं.

"कडी लाव रे, अमादोर. तेवढं तरी नीट कर."

तिचं पोतं अमादोरने आपल्या डुकरांपुढे ओतलं.

डोंगरावर रोपं लागली, सरळ रांगांत. इंजिनिअरने फोटो काढले. चौथ्या उन्हाळ्यात पानांवर तांबूस डाग आले आणि आठवड्याभरात एकूण एक रोप वाळलं. त्याच वर्षी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाला आठ दिवस असताना, फिदेन्सिया खोकल्याने गेली. डोंगर खाली आला तो पुढच्या सप्टेंबरात. पायथ्याची चार घरं गाडली गेली. हेर्मिनिया आणि तिची दोन मुलं धरून सात माणसं मेली.

चारही घरांनी पोतं वेळेवर आणलं होतं.