पावलांची बोटं

“अवं, पावलं उंबऱ्यापासून काढत असतेत. तू कुठं चालली?” दौलतरावांनी ओसरीवरून विचारलं.

प्रयागबाई थांबली नाही. तिच्या हातात कालवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी होती. घरात आज महालक्ष्म्या बसायच्या होत्या.

“लक्ष्मी काय उंबऱ्यातून उगवते?” ती चालता चालता म्हणाली. “आपल्या घरी ते जिथून आली, तिथूनच काढीन मी यंदा.”

ती कुठं निघाली ते दौलतरावांना कळलं. गावाबाहेरच्या तांड्यावर, भुरीबाईच्या झोपडीकडं.

गेल्या साली मानमोडीची साथ आली, तेव्हा या घरात उठून बसेल असं एकही माणूस उरलं नव्हतं. दौलतराव, प्रयागबाई, लहानगी लेक विजयमाला, तिघंही तापानं फणफणलेली. गडी पळाले. सोयऱ्यांनी शिवेवरूनच बैलगाडी वळवली. शेतात निंदायला येणारी भुरीबाई तेवढी रोज येत राहिली. तिनं विहिरीचं पाणी ओढलं, ज्वारीच्या कण्या शिजवल्या, एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. एरवी तिला ओसरीच्या वर पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्या दिवसांत त्या घराची चूल तिनंच पेटती ठेवली.

भुरीबाई दारात ज्वारी पाखडत होती. प्रयागबाई तिच्यासमोर खाली बसली. तिनं मूठ पिठात बुडवली, सारवलेल्या जमिनीवर टेकवली आणि वर बोटांनी टिपके दिले. पाऊल उमटलं. टाच झोपडीकडं, बोटं गावाकडं.

“हे काय करून राह्यल्या, बाई?”

“तुह्या घरून लक्ष्मी आली माह्या घरी. साऱ्या गावाले दिसू दे.”

भुरीबाईचे डोळे भरून आले. सूप बाजूला ठेवून तिनं त्या पावलाकडं पाहिलं. मग हलकेच म्हणाली, “पण बाई, हे तं माह्या दारातून बाहीर चाललं. गेल्या साली याच दारातून माहा मोहनसिंग गेला. आता लक्ष्मीलेबी धाडू का?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भीती होती.

प्रयागबाईचा हात वाटीतच राहिला. भुरीबाईचा नवरा त्याच साथीत गेला, हे तिला ठाऊक होतं. पण भुरीबाई आपल्या उशाशी बसली होती तेव्हा त्याच्या तोंडाला पाणी कोणी लावलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती दरसाल पावलं काढत होती. टाच कोणाच्या दाराला लागते आणि बोटं कोणीकडं वळतात, इकडं तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तिनं त्या पावलाला हात जोडले आणि पदरानं ते पुसून टाकलं. “चुकलं माह्यं,” ती म्हणाली आणि वाटी घेऊन तरातरा घराकडं निघाली.

घरी येऊन ती उंबऱ्याशी बसली. पहिलं पाऊल उमटलं, मग दुसरं. शेजारच्या बाया बघायला आल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. बोटं बाहेर वळलेली होती. असं गावात कोणी काढलं नव्हतं.

दौलतराव ताडकन उठले. “अवं, उलटी काढून राह्यली तू! घरातली लक्ष्मी बाहीर काढते काय?”

“काढून नाही राह्यली,” प्रयागबाई मान वर न करता म्हणाली. “पोचवून राह्यली. वर्षभर आपल्याकडं राह्यली ते. आपली तिन्ही माणसं जित्ती आहेत. भुरीबाईच्या दारात कोण आहे?”

अंगणात विजयमाला बाहुलीला झोके देत होती. तिच्याकडं दौलतरावांनी एकदा पाहिलं आणि ते आत निघून गेले.

बायांची कुजबुज वाढली. आता हा माणूस काय करतो, असं म्हणून दोघीतिघी मागं सरकल्या. प्रयागबाईनं पुढचं पाऊल टेकवलं.

दौलतराव बाहेर आले. एका हातात पिठाचा डबा होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“एवढ्याशा वाटीत तांडा यायचा नाही,” ते म्हणाले. “तू काढ. मी कालवून देतो.”