सैल हँडब्रेक

थोरल्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि व्हॅन मागच्या बाजूने नुसती दबली. इंजिनाने एक आचका दिला आणि बंद पडलं. त्याने पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच. हँडब्रेक खाली होता, चाकापुढे दगड नव्हता, मागे वीट नव्हती. गाडी मात्र जागची हलायला तयार नव्हती.

त्याची बायको दारात उभी होती. तिच्या सासूबाई आज हॉस्पिटलातून घरी यायच्या होत्या. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, म्हणून व्हॅनची मागची सीट काढून तिथे गादी अंथरली होती. ॲम्ब्युलन्सला त्यांनी साफ नकार दिला होता. "ती दारात थांबली की शेजारीपाजारी रडायच्या तयारीनेच येतात," असं त्यांचं म्हणणं. दुपारच्या आत त्यांना आणायला हवं होतं, कारण त्यांचा बेड दुसऱ्या पेशंटला देऊन झाला होता.

"क्लच गेला," थोरला म्हणाला. "त्याला विचार, काल कशी चालवली."

'तो' म्हणजे धाकटा. तो दोन हातांवर, बॉनेटपाशीच उभा होता आणि त्याला सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. पण भावाभावांचं बोलणं बंद होतं, आणि व्हॅन दोघांत एकच. सकाळी थोरला तिच्यातून रोपं पोचवायचा, दुपारनंतर धाकटा फ्रिज दुरुस्तीला घेऊन जायचा. मधले सगळे निरोप थोरल्याच्या बायकोकडून. पोस्टमनला निदान रविवारची सुट्टी असते, तिला तीही नव्हती.

"वहिनी, दादाला सांगा, क्लच ठणठणीत आहे. गिअरबॉक्स बघा म्हणावं."

"त्याला सांग, गिअर व्यवस्थित पडतोय."

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. थोरल्याने बॉनेट उघडून उगाच दोनचार वायरी हलवल्या. धाकट्याने मागून खांदा लावून रेटलं, तोंड लाल झालं, पण गाडी तसूभर सरकली नाही. मग तो मागच्या चाकाकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा जरा चोरासारखा झाला. थोरला हँडब्रेककडे बघत होता. त्याचाही चेहरा तसाच. तिने दोन्ही चेहरे पाहिले आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

काल संध्याकाळी धाकटा जॅक लावून मागच्या चाकांशी खटपट करत होता. "हॉस्पिटलच्या दाराशी उतार आहे, गाडी सरकली तर आईला धक्का बसेल. ब्रेक जरा जवळ घेतोय. दादाला सांगू नका." आणि आज सकाळी, चहाच्याही आधी, थोरला दोन सीटांच्या मधे डोकं खुपसून हँडब्रेकच्या तारेचा नट आवळत होता. "तिथे उतार आहे गं. आईला हिसका नको. त्याला बोलू नकोस." हँडब्रेक सैल आहे हे त्याला कधीपासून ठाऊकच होतं, त्यामुळे आज तो ओढून बघायची गरज त्याला वाटली नव्हती.

दोघांचं गुपित तिने इमानदारीने पोटात ठेवलं होतं. आता पोटात जागा उरली नाही.

"दोघांनीही एकच ब्रेक आवळलाय," ती म्हणाली. "यांनी आत नट पिळला, भाऊजी, तुम्ही मागे चाकात. दोघांनी आईंसाठीच. आता दोघं मिळून आईंना इथूनच टाटा करा."



"त्याला सांग, आधी त्याने चाकाचं..." थोरल्याने सुरुवात केली.

"मी आता कुणाला काहीही सांगणार नाही. माझी भाजी करपतेय," असं म्हणून ती आत गेली. गॅसवर भाजी नव्हतीच.

ओट्याला टेकून ती उभी राहिली.  इतकं ती दोघांना कधी बोलली नव्हती.  बाहेरून जॅकची करकर ऐकू आली. तिने खिडकीतून पाहिलं. धाकटा मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता, थोरल्याचे पाय तेवढे व्हॅनच्या दाराबाहेर होते. नट आत, चाक मागे, आणि एकाला दुसरा दिसत नव्हता. ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

"सैल केला," थोरला गाडीलाच सांगितल्यासारखं म्हणाला.

धाकट्याने चाक ओढून पाहिलं. "नाही फिरत."

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडा... दादा, थांब, थांब! फिरलं!"

तिचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले.

"एवढा पिळतात का रे कुणी?" बाहेर धाकटा विचारत होता.

"तू एका शब्दाने सांगायचंस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मग कुणीतरी हसलं. कोण, ते तिला आवाजावरून कळेना. दोघांचं हसणं अगदी सारखं आहे, हे ती पार विसरून गेली होती.

व्हॅन फाटकातून बाहेर पडली, थोरला चालवत होता आणि धाकटा शेजारी बसून काळे झालेले हात पुसत होता. गाडी वळण घेऊन दिसेनाशी होते तोच घरात फोन वाजला.

"निघालं का गं कुणी?" सासूबाई विचारत होत्या. "इथे चादरी बदलायला आल्यात. कोण येतोय, थोरला की धाकटा?"

"दोघं निघालेत, आई."

"दोघं? मग दुसरा रिक्षाने कशाला उगाच?"

"एकाच गाडीत आहेत."

पलीकडून आवाज येईना. फोन कट झाला असं वाटून तिने दोनदा "आई, आई" म्हटलं.

"आहे गं, आहे," सासूबाई म्हणाल्या.  "मला बाहेर व्हरांड्यात ठेवा म्हणते मी सिस्टरला. पोरांना फोन कर. म्हणावं, घाई करू नका, लांबच्या रस्त्याने आलात तरी चालेल."