सोमवारचा बॅकअप

दोन आठवड्यांपूर्वी बुधवारी कॉलेजचा मेल सर्व्हर बंद पडला, तेव्हा तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साकेतनं बॅकअपवरून तो सोमवारी होता तसा परत सुरू केला. सगळ्यांचे मोबाइल पुन्हा वाजू लागले. मधल्या मंगळवारचे मेल मात्र त्यांतून आपोआप पुसले गेले, त्याची कोणी फिकीर केली नाही. आज ऑफिसातल्या रत्नप्रभाकाकू मुलाची, सलीलची, तेरवी उरकून उमरखेडहून परतल्या आणि तो गेल्यापासून बंद ठेवलेला मोबाइल त्यांनी साकेतपुढं धरला. “त्या मंगळवारी सलीलनं मले मेल पाठवलता. उघडायची हिंमतच होऊन नाही राह्यली. तूच वाच, बाबू.” साकेतनं मोबाइल सुरू केला; सगळ्यात वर सलीलचं नाव होतं. पण सवयीनं त्याचं बोट आधी वायफायवर गेलं. मोबाइल सर्व्हरशी जुळला आणि ते नाव मेलसकट पुसलं गेलं. काकूंनी चष्मा काढला, डोळे मिटले. “हं,” त्या म्हणाल्या, “एकेक शब्द हळूहळू वाच.”