खोटी तार

शेजारच्या तुळसाने बांगड्या फोडल्या तेव्हा काच लागून राहीच्या मनगटातून रक्त आलं, पण डोळ्यांत टिपूस नाही. मांडवीच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरा गेल्याची तार सकाळी आलेली आणि ही बाई मख्ख!

रडणार कशी? तार खोटी आहे, हे त्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

गंगाराम मोंबासाला सुतारकामाला होता. पोटाच्या दुखण्याने बेजार झाला, डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात नाव घालून परत येताना कावळा थेट त्याच्या डोक्यावर बसला. मोंबासा झालं म्हणून काय झालं, कावळा तो कावळाच! त्यावर आपल्याकडे उपाय एकच. मेल्याची खोटी बातमी घरी धाडायची, घरच्यांनी खरंखुरं रडायचं. आलेलं मरण त्या रडण्यावर भागतं. पण गंगारामचा जीव बायकोसाठी तुटला. त्याने तिला आधीच पत्राने कळवलं. ऑपरेशन वीस तारखेला आहे, नंतर, हे पत्र तुला पोचेल अशा बेताने, माझा इथला सोबती भागोजी तार करील, तू घाबरू नको. आईला मात्र सांगू नको, तिचं रडणं खरं हवं. मागाहून माझं पत्र येईल, तोवर तोंड उघडू नको.

राहीने ते पत्र तांदळाच्या कणगीत लपवलं. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला भागोजीची तार आली.

आता टपाल बोटीने येणार, म्हणजे तीन आठवडे धरून चाला. तोवर राहीला माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं. कपाळ मोकळं, हात मोकळे, दारात जायचं नाही. समोर सासू, येसूबाई, जमिनीवर डोकं आपटत होती. तिला पेजसुद्धा जाईना. राहीची नुसती घालमेल. बोलावं तर अरिष्ट नवऱ्याच्या मानगुटीवर, गप्प राहावं तर ही म्हातारी रडून मरायची.

"तुझ्या डोळ्यांना पाणी कसं नाय गो?" येसूबाईने एकदा विचारलं. "माझ्या लेकानं तुझं काय वाईट केलं होतं?"

राहीने पदर तोंडात कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

दहाव्याला चुलतदीर रावजी किनाऱ्यावर पिंड ठेवायला गेला. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा कशाला शिवतोय, राही मनात म्हणत होती. रावजी सांगत आला, ठेवला न ठेवला तोच शिवला. राहीने मनाची समजूत घातली, मेले भुकेले असतील.

बाराव्या दिवशी पोस्टमन आला. पाकिटावर अक्षर गंगारामचं!

राही कोपऱ्यातून उठली ती थेट ओटीवर. सुतक गेलं खड्ड्यात.

"आई, रडू नका. ते जिवंत आहेत. तार खोटी होती."

कणगीतलं पत्र काढून तिने सगळं सांगितलं. येसूबाई आधी खुळ्यासारखी बघत राहिली. मग सुनेला दोन शिव्या घातल्या, पोटाशी धरलं आणि तुळसाला हाक मारून तिच्या कपाळी कुंकू लावायला लावलं. बारा दिवसांत पहिल्यांदा राही ढसाढसा रडली.

"वाच गो आता," म्हातारी म्हणाली. तुळसाकडून गावात वाटायला तिने गुळाची ढेप काढली होती.

राही डोळे पुसून वाचू लागली. तारीख गेल्या महिन्याची, अठ्ठावीस. ऑपरेशन नीट पार पडलं. आज टाके काढले. पेज पचते. भागोजी रोज येतो, हाताला धरून चार पावलं चालवतो. कावळ्याचं भय आता वाटत नाही.

"'आणि एक,'" राहीने वाचलं, "'आईचं रडणं डोळ्यांपुढे येतं आणि मन धजत नाही. मी तर बरा झालो, मग तिला उगाच का रडवायचं? भागोजीला सांगून टाकलंय, ती खोटी तार आता करायचीच नाही.'"