पैजेची पीस लिली

"ही जगवून दाखवा, मग नागपूरला एकटं राहायच्या गोष्टी करा," असं म्हणत शंतनूनं पीस लिलीची कुंडी बाबांपुढे ठेवली. पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या होत्या.

"दाखवतो," बाबा म्हणाले. "हिरवी झाली की पंधरा मार्चच्या विमानात मी. मेली तर इथंच राहीन. शब्द."

आई गेल्यापासून शंतनूचं एकच मागणं होतं, बाबांनी आता इथं अमेरिकेत, नेपरव्हिललाच राहावं. ग्रीन कार्ड येऊन ड्रॉवरमध्ये पडलं होतं. बाबांचंही उत्तर एकच, मी कुणाच्या हॉलमधली शोभेची वस्तू होणार नाही.

लिलीचं निदान बाबांनी पाच मिनिटांत केलं.

"हीटरच्या तोंडाशी ठेवलीय. तुला ठेवलं असतं तर तूही करपला असतास. वर रोज बदाबदा पाणी."

त्यांनी कुंडी खिडकीपाशी हलवली, करपलेल्या कडा कात्रीनं कापल्या, माती सुकल्याशिवाय थेंब घालू दिला नाही. तीन आठवड्यांत नवं पान आलं. बाबांनी बॅग खाली काढली. शंतनूला जेवण गेलं नाही.

त्याच्या सहा वर्षांच्या मुलीनं, आन्यानं मात्र त्या बॅगेत आपला एक मोजा ठेवला.

"आजोबा, यू हॅव टू ब्रिंग इट बॅक."

पुढच्या आठवड्यात पानं पुन्हा करपायला लागली. बाबांनी इथल्या थंडीला, इथल्या मातीला आणि शंतनूच्या इंजिनिअरिंगला नावं ठेवली. त्याच सुमारास मिठाचा डबाही भराभर रिकामा होऊ लागला.

"बाबा, बीपीची गोळी चालू आहे तुमची. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय."

"खातो. काय करशील?"

शंतनूनं पट्टा बांधून बीपी मोजलं. एकशे वीस, ऐंशी. मशीनही बाबांना घाबरत असावं.

चौदा मार्चला लिली आडवी झाली.

"हरलो," बाबा गुरगुरले. "तिकीट कॅन्सल कर. मला हौस नाही, पण शब्द म्हणजे शब्द. आणि तो मोजा दे पोरीला, एका पायानं हिंडतेय."

हसू दाबत शंतनू कुंडी घेऊन गॅरेजमागच्या कचऱ्याच्या डब्याशी गेला. माती उलटी केली, तर मुळांभोवती पांढरी खरपुडी धरलेली. त्यानं ती नखानं खरवडली आणि जिभेवर ठेवली.

खारट.