परसातला टाकळा

हर्षदा माहेरी पोचली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती, तरी नाना झोपाळ्यावर आडवेच होते.

"जेवल्यापासून ढाराढूर झोपलेत," आई हसून म्हणाली. "कढईभर टाकळा एकट्यांनी संपवला. सगळ्या आळीला सांगून आले, आज माझ्या लेकीची भाजी आहे म्हणून."

हर्षदाच्या हातातली पिशवी खाली पडली. टाकळ्याच्या पानांतच मधुमेहाचं औषध तयार व्हावं, यासाठी तिने प्रयोगशाळेत अकरा वर्षं घालवली होती. शिजवलेली भाजी दिवसाला दोन चमचे, एवढीच मात्रा. बी पाठवताना तिने नानांना तीनदा बजावलं होतं.

नानांचं कपाळ गार होतं, सदरा घामाने भिजलेला. तिने त्यांच्या ओठांच्या आत साखर चोळली, हाका मारल्या, गळ्याशी बोटं दाबून धरली. नाडी लागली नाही.

"दोनच चमचे म्हटलं होतं ना मी, नाना?"

आई दारातून झोपाळ्यापाशी आली.

"मीही तेच म्हटलं गं त्यांना. तर म्हणाले, औषध मोजून घेतात. लेकीच्या हातचं पोटभर खातात."