पाच सीटची गाडी

दोन जुन्या डिझेल गाड्या मनात भरल्या होत्या. एक सात सीटची, दुसरी पाच सीटची. घरात तो, त्याची बायको, तीन मुलं आणि त्याची आई.

मोठी गाडी बघायला आईही हौसेने आली. गुडघ्यावर हात टेकत सगळ्यात मागच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "मला इथे ऐसपैस होतंय. माझी काळजी करू नका."

घरी आल्यावर बायको हळूच म्हणाली, "आई बरोबर असल्या की सारखं थांबावं लागतं. सुट्टीचे चार दिवस तरी आपले आपण असू ना." त्याच्याही मनात तेच होतं, आणि तेच त्याला जास्त खात होतं.

आईला त्याने सांगितलं, "मोठीचं इंजिन काळा धूर सोडतंय गं. छोटीच घेतो."

"बरोबर आहे. वस्तू बघूनच घ्यावी," आई म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना.

छोटी गाडी दारात आली त्या दिवशी मावशीचा फोन आला. तो आईच्या खोलीवरून जात होता.

"अगं, माझ्यासाठी मोठीच घेत होता तो," आई फोनवर सांगत होती. "मीच म्हटलं, छोटी घे. मला मेलीला गाडी लागते, मी कुठे येणार यांच्याबरोबर?"

तो दाराशीच थबकला.



आईची उभी हयात बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेली होती.